पांढऱ्या टोप्यांची फाइल : एका पीसीएक्स फोटोची दुरुस्ती

गुरुजींनी टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला. आत साडेतीन इंची सात फ्लॉप्या. प्रत्येकीवर बॉलपेनने 'स्मरणिका फोटो' आणि पुढे आकडा. डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ होते, ओल धरू नये म्हणून कुणीतरी टाकलेले.

"बघा की जरा, हे उघडतंय काय," गुरुजी म्हणाले. "नातवानं कुठनं तरी ड्राइव्ह आणून लॅपटॉपला लावून बघितलं. फायली दिसत्यात, पण फोटो उघडत न्हाईत म्हणतोय."

निपाणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थेचे अहवाल, मराठी-कानडी दोन्हीकडची कामं. जुन्या फायली घेऊन अधूनमधून कुणीतरी येतंच. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहून ठेवतोय, कारण पीसीएक्स या जुन्या चित्र-फॉरमॅटच्या फायलींची बहुतेक सगळी दुखणी मला या एका डब्यात भेटली. शिवाय १९९० च्या दशकात चाललेल्या आपल्या भागातल्या छापखान्यांच्या कपाटांत असे डबे अजून असणार, याची मला खात्री आहे.

फायली कुठून आल्या

वेदगंगेच्या काठच्या एका गावच्या मराठी शाळेची स्मरणिका १९९६ साली निघायची होती. गावातल्या घराघरांतून जुने फोटो गोळा केले, एका छापखान्यात ते हँड स्कॅनरने स्कॅन केले आणि ज्याचे त्याला परत दिले. हा स्कॅनर म्हणजे हातात धरून फोटोवरून ओढायचं यंत्र. त्याची पट्टी जेमतेम १०५ मिलिमीटर रुंद. हात हलला की फोटोतली माणसं वाकडी यायची. पुढे पैशांची जुळणी झाली नाही आणि स्मरणिका राहून गेली. फ्लॉप्या छापखान्याच्या कपाटात पडल्या.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या महापुरात गावातली कितीतरी घरं पाण्यात गेली आणि भिंतींवरच्या तसबिरी, ट्रंकेतले फोटो सगळं चिखल झालं. यंदा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला तेव्हा शाळेचा एकही जुना फोटो कुणाकडे निघेना. छापखाना कधीच बंद झालेला, पण मालकाच्या मुलाने कपाट रिकामं करताना हा डबा फेकला नव्हता. त्याचे उपकार मानले पाहिजेत.

गुरुजी ८३ वर्षांचे. त्याच शाळेत शिकले, पुढे त्याच भागात शिक्षक झाले. त्यांना फ्लॉप्यांवरच्या चौदा फोटोंपैकी एकच हवा होता. "सातवीचा फोटो हाय. मी त्यात हाय, पण कुठल्या ओळीत ते आता आठवत न्हाई. उघडला तर कळंल."

आधी फ्लॉपी

फाइल उघडत नाही असं कुणी सांगितलं की मी आधी फायलीकडे बघतच नाही. ती ज्यावर आहे त्या वस्तूकडे बघतो. फ्लॉपीची धातूची झडप सरकवून उजेडात धरली, तर सातपैकी दोन फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीचे ठिपके होते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी चकती वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. म्हणून चांगल्या पाच आधी आणि बुरशीच्या दोन शेवटी, त्यांच्यामध्ये हेड पुसून.

दोन गोष्टी नक्की पाळा. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि डिस्क फॉरमॅट करायची का असं विंडोजने विचारलं तर काहीही झालं तरी 'हो' म्हणू नका.

माझ्याकडचा यूएसबी ड्राइव्ह पाच फ्लॉप्यांवर चालला, दोनांवर अडखळला. पुन्हा पुन्हा वाचायला लावलं तर चकती आणखी घासते, म्हणून तिथेच थांबलो आणि बेळगावला गेलो. उद्यमबागेत माझा एक मित्र मशीनशॉप चालवतो. तो कानडी, मी मराठी, आमचं बोलणं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. त्याच्या एका जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम अजून फ्लॉपीवरून द्यावा लागतो, त्यामुळे त्याने मदरबोर्डला थेट जोडलेला फ्लॉपी ड्राइव्ह असलेला एक संगणक जपून ठेवलाय. हेडची बैठक प्रत्येक ड्राइव्हमध्ये केसभर वेगळी असते. एका ड्राइव्हला न सापडलेला ट्रॅक, म्हणजे चकतीवरचं नोंदीचं वर्तुळ, दुसऱ्याला सापडतो, तसंच झालं.

तिथे लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचायचा प्रोग्रॅम चालवून प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या बाइटांची जशीच्या तशी नक्कल, काढली. एक फाइल निवडून कॉपी करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. फाइल कॉपी करताना एक सेक्टर, म्हणजे चकतीवरचा एक छोटा कप्पा, खराब निघाला की विंडोज सगळी फाइलच सोडून देतं. डीडीरेस्क्यू तेवढा सेक्टर बाजूला ठेवून पुढे जातं, शेवटी परत येऊन पुन्हा प्रयत्न करतं आणि काय मिळालं, काय नाही याची नोंद ठेवतं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर असतात. सहा फ्लॉप्यांवरची वाचता न आलेली जागा बोटांवर मोजण्याइतकी होती. सातव्या फ्लॉपीचा सुरुवातीचा भागच गेला होता. फायलींची यादी तिथेच असते. तिच्यावरची एक फाइल आम्ही पुढे आकडे चाळून शोधून काढली, दुसरी मिळाली नाही.

हा फॉरमॅट आहे तरी काय

पीसीएक्स हा झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रश या चित्रकलेच्या प्रोग्रॅमचा फॉरमॅट, १९८० च्या दशकातला, डॉसच्या जमान्यातला. विंडोज ३.० बरोबर आलेला पेंटब्रश हाही मुळात झेडसॉफ्टचाच. जेपेग हे मानक १९९२ चं, पीएनजी १९९६ चं. त्यामुळे त्या काळात छापखान्यात स्कॅनरची फाइल पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची म्हटलं की टिफ किंवा पीसीएक्स हेच नेहमीचे पर्याय समोर असायचे. आज विंडोजचं फोटो ॲप किंवा मोबाइलची गॅलरी ही फाइल ओळखत नाही. पण इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू, गिंप, इमेजमॅजिक हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आणि फोटोशॉपही ती उघडतात. तेव्हा 'उघडत नाही' यातली अर्धी तक्रार दहा मिनिटांत मिटते. गुरुजींच्या चौदा फायलींपैकी नऊ इरफानव्ह्यूत जशाच्या तशा उघडल्या.

राहिल्या पाच. त्यातली एक सातव्या फ्लॉपीबरोबर गेलेली. म्हणजे खरं काम चार फायलींचं.

त्या कामासाठी पीसीएक्सची आतली रचना माहीत हवी, आणि ती फार सोपी आहे. पहिले १२८ बाइट म्हणजे फायलीचा माथा. पहिला बाइट नेहमी १०. दुसरा आवृत्तीचा, बहुधा ५. तिसरा १, म्हणजे आतला मजकूर आकसून लिहिलेला आहे. चौथा एका ठिपक्याला (पिक्सेलला) किती बिट ते सांगतो. पुढे चित्राच्या चार कडा, मग एका इंचाला किती ठिपके, मग सोळा रंगांची यादी. शून्यापासून मोजलं तर ६६ आणि ६७ या जागांवर एका ओळीला किती बाइट लागतात तो आकडा. माथा संपला की चित्र, आणि २५६ छटांचं चित्र असेल तर फायलीच्या अगदी शेवटी ७६९ बाइटचं शेपूट : पहिला बाइट १२, मग २५६ छटांचे तीन-तीन आकडे.

आकसून लिहायची रीत आमच्याकडच्या तंबाखूच्या वखारीतल्या वहीसारखी आहे. एका प्रतीची चाळीस बोदं ओळीने लागली असतील तर दिवाणजी प्रत चाळीस वेळा लिहीत नाही. 'चाळीस' लिहितो आणि पुढे प्रत. पीसीएक्समध्ये १९२ किंवा त्याच्या वरचा बाइट आला की त्यातून १९२ वजा करायचे, उरेल ती संख्या, आणि पुढचा बाइट म्हणजे छटा. एका खेपेला जास्तीत जास्त ६३ ठिपके. १९२ च्या खालचा बाइट आला तर तो स्वतःच एक ठिपका.

यात एक अडचण आहे आणि सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं. फोटोतली पांढरी जागा म्हणजे १९२ च्या वरच्या छटा. असा एकटा ठिपका लिहायचा तर तो थेट लिहिता येत नाही, वाचणारा त्याला संख्या समजेल. म्हणून आधी १९३, म्हणजे 'एक', आणि मग छटा. एका ठिपक्याला दोन बाइट! स्कॅन केलेल्या फोटोत शेजारचे दोन ठिपके हुबेहूब सारखे क्वचितच असतात, त्यामुळे पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या असलेल्या भागात ही फाइल आकसण्याऐवजी फुगते. आणि १९५० च्या दशकातल्या आपल्या खेड्यांतल्या शाळेचा फोटो म्हणजे टोप्याच टोप्या.

चारपैकी तीन

पहिल्या फायलीचं नाव पीसीएक्स, पण आतला पहिला बाइट १० नव्हताच. एचएक्सडी या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फायलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बघितलं तर सुरुवातीला ७३, ७३, ४२, ० असे आकडे. ही टिफची खूण. छापखान्यात कुणीतरी नाव बदलून ठेवलं असणार. शेवटची तीन अक्षरं बदलली आणि शाळेच्या विहिरीचा फोटो समोर आला. फाइल उघडत नसेल तर तिच्या नावावर विश्वास ठेवण्याआधी पहिले चार बाइट बघा, हे मी दुकानातल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

दुसरी फाइल उघडली, पण फोटो तिरका. शाळेची इमारत पावसात कलंडल्यासारखी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक ठिपका सरकलेली. माथ्यात चित्राची रुंदी ८२५ ठिपके आणि ओळीचे बाइटही ८२५. आता पीसीएक्समध्ये ओळीचे बाइट सम असावे लागतात. रुंदी विषम असेल तर ओळीच्या शेवटी एक रिकामा बाइट भरतात. त्या वेळच्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने चित्र ८२६ ने लिहिलं आणि माथ्यात ८२५ नोंदवलं. ८२५ म्हणजे दोन बाइटांत ५७ आणि ३, कारण तीन वेळा २५६ आणि वर ५७. पहिला बाइट ५७ चा ५८ केला. एक आकडा बदलला आणि इमारत सरळ उभी राहिली.

तिसऱ्या फायलीचं शेपूट खराब सेक्टरमध्ये गेलं होतं. चित्र शाबूत, पण छटांची यादी नाही, म्हणून माणसांच्या चेहऱ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे. अशा वेळी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सरळ चढत जाणारी यादी नव्याने लिहून चालतं, पण मी ते केलं नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने छटा थोड्या वरखाली केलेल्या असू शकतात. त्याच दिवशी, त्याच स्कॅनरने काढलेल्या शेजारच्या फायलीचे शेवटचे ७६९ बाइट उचलून इथे जोडले. माणसं पुन्हा माणसांच्या रंगाची झाली.

या तिन्ही कामांना मिळून एक दुपार गेली. सातवीच्या फोटोला चार दिवस लागले.

सातवीचा फोटो

इरफानव्ह्यूत तो उघडला तेव्हा वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ होता. कौलांची कड, भिंत, दाराच्या चौकटीचा वरचा भाग. मग मागच्या ओळीतल्या मुलांच्या टोप्या सुरू झाल्या, तिथे एक काळी रेघ, तिच्याखाली करड्या रंगाचे लांब आडवे फराटे, आणि त्याखाली सगळा वर्ग उजवीकडे सरकलेला. डाव्या कडेला अर्धे चेहरे, उजव्या कडेला उरलेले अर्धे. पुढे जमिनीवर ठेवलेली पाटी मधोमध फुटलेली. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला तर सरक वेगळीच. एकच फाइल दोन प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी दाखवू लागले की समजावं, आतला मजकूर तुटलाय आणि प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने सांधतोय.

मी ते गुरुजींना दाखवलं नाही. मला ते जमलं नाही.

डीडीरेस्क्यूची नोंद बघितली. या फायलीतले लागोपाठचे तीनच सेक्टर वाचता आले नव्हते. ५१२ गुणिले तीन, १,५३६ बाइट. त्यांच्या जागी शून्यं भरलेली. पाच लाखांहून मोठ्या फायलीत एवढंसं भोक, आणि त्याने खालचा सगळा फोटो मोडला होता. कारण वर सांगितलेल्या रीतीत प्रत्येक शून्य हा एक काळा ठिपका मोजला जातो, म्हणजे भोकाने १,५३६ ठिपके टाकले. मुळात तिथे पांढऱ्या टोप्यांचा भाग होता, पुष्कळ ठिपक्यांना दोन-दोन बाइट लागलेले, म्हणजे खरे ठिपके त्याहून कमी. जेवढे जास्त पडले तेवढं पुढचं सगळं उजवीकडे ढकललं गेलं.

करड्या फराट्यांचं कारण शोधायला मात्र वेळ लागला. भोक संपल्यावरचा पहिला बाइट २४१ होता. मुळात ती एका पांढऱ्या ठिपक्याची छटा, पण तिच्या आधीचा 'एक' सांगणारा १९३ भोकात गेलेला. वाचणाऱ्याला २४१ दिसला, त्याने त्याला संख्या मानलं : २४१ वजा १९२, एकोणपन्नास. पुढचा बाइट १९३, तो खरं तर पुढच्या ठिपक्याचा 'एक', पण इथे त्याची छटा झाली. म्हणजे १९३ छटेचे करडे-पांढरे एकोणपन्नास ठिपके. मग पुन्हा एक छटा संख्या म्हणून, पुन्हा १९३ छटा म्हणून. जोडीतला पाय असा चुकला की पांढऱ्या भागात तो चुकतच राहतो. १९२ च्या खालचा एखादा काळसर ठिपका भेटला की मग चाल आपोआप सुधारते. मुलांचे केस आणि कान सुरू झाले तिथे फराटे थांबले होते, ते यामुळेच.

हे कळल्यावर रस्ता दिसला. दुकानात काम करणारी मुलगी बेळगावच्या कॉलेजात बीसीए करते. तिला मी रीत सांगितली आणि तिने पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.

हिशेब असा. चित्र ८२६ बाइटच्या ६०० ओळींचं, म्हणजे एकूण ४,९५,६०० ठिपके असायलाच हवेत. भोकाच्या आधी किती ठिपके येतात ते मोजलं : १,४२,३१८. भोकानंतर तो एकटा २४१ सोडून शेपटापर्यंत मोजलं : ३,५२,०७२. दोन्ही मिळून ४,९४,३९०. वजाबाकी केली की उरले १,२१०. म्हणजे भोकात गेलेले ठिपके बरोबर एवढेच, ना एक कमी ना एक जास्त. शेवट शाबूत असला की मधल्या हरवलेल्याचा आकडा असा चोख मिळतो. शेपूटही गेलं असतं तर अंदाजाने एकेक ठिपका सरकवत बसावं लागलं असतं.

"काका, मग यात गेलं तरी किती?" तिने विचारलं आणि स्वतःच भागाकार केला. वरच्या १७२ ओळी पूर्ण. १७३ व्या ओळीतले २४६ ठिपके सोडून पुढचे ५८०, आणि १७४ व्या ओळीचे पहिले ६३०. दोन ओळीही पूर्ण नाहीत. सहाशेतल्या दोन.

पडताळा घ्यायचा राहिला होता. पीसीएक्समध्ये एका ओळीची खेप दुसऱ्या ओळीत ओलांडून जाऊ नये असा दंडक आहे. भोकानंतरच्या प्रत्येक ओळीचा शेवट तपासला. एकही खेप कड ओलांडत नव्हती. पाय चुकलेला असता तर पहिल्या दहा ओळींतच ते उघडं पडलं असतं.

मग फायलीच्या नकलेवर काम केलं. मूळ प्रतिमेला हात लावायचा नाही, हा नियम इथे मोडला असता तर परतीची वाट राहिली नसती. १,५३६ शून्यं आणि तो एकटा २४१ काढले. त्या जागी १२८ हा आकडा १,२१० वेळा भरला. १२८ का, तर तो मधला करडा रंग, डोळ्यांना खुपत नाही आणि खऱ्या छटेशी गल्लतही होत नाही. शिवाय १९२ च्या खालचा, म्हणून एका ठिपक्याला एकच बाइट. फाइल ३२७ बाइटने लहान झाली.

उघडली.

चार ओळी मुलं. मागच्या ओळीतल्या टोप्यांमधून केसासारखी एक करडी रेघ, तीही मुद्दाम शोधली तर दिसेल अशी. बाकी सगळं जागच्या जागी. मधोमध खुर्चीवर कोट-टोपीतले मास्तर. पुढे जमिनीवर पाटी, आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं : 'इ. ७ वी, सन १९५५-५६'.

मी आणि ती मुलगी बराच वेळ नुसते बघत बसलो. हे वर्ष आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या मुलांचं सातवीचं वर्ष मुंबई राज्यातलं शेवटचं पूर्ण शैक्षणिक वर्ष.

रेघ राहू द्यायची की नाही

गुरुजींचा नातू दुसऱ्या दिवशी आला. हुशार मुलगा आहे, मोबाइलवर दाखवूनच म्हणाला, "दादा, एआयनं ही रेघ एका मिनिटात भरून निघती. चेहरे पण क्लिअर करून देतंय."

मी नको म्हणालो, आणि का ते त्याला नीट सांगितलं. रेघ टोप्यांवरच आहे, ती भरल्याने कुणाचं काही बिघडणार नाही, हे खरं. पण चेहरे 'क्लिअर' करणारा प्रोग्रॅम चेहरा शोधून काढत नाही, नवा बनवतो. दोनशे ठिपक्यांच्या इंचावर एका मुलाचा चेहरा जेमतेम पंचवीस-तीस ठिपक्यांचा आहे. त्यातून डोळ्यांच्या पापण्या काढून दाखवल्या तर त्या कुणाच्या? या फोटोतल्या बऱ्याच मुलांचा दुसरा फोटो जगात कुठेही नाही. त्यांच्या नातवंडांच्या हातात आपण न पाहिलेला चेहरा द्यायचा, हे मला मान्य नाही. पुरात गेलं ते गेलं, फ्लॉपीवर गेलं ते गेलं, पण जे उरलंय ते खरंच असलं पाहिजे.

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजोबांना विचारूया." ते बरोबरच होतं.

ठेवणीचं काम सरळ आहे, भरभर सांगतो. फ्लॉप्यांच्या सात प्रतिमा जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये. मूळ पीसीएक्स फायली दुसऱ्यात. दुरुस्त केलेल्या तिसऱ्यात, आणि त्यांच्यापासून बनवलेल्या पीएनजी चौथ्यात. पीएनजी अशासाठी की ती आकसताना एकही ठिपका बदलत नाही. जेपेग फक्त व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरती. बरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवली : कुठल्या फायलीत कुठला बाइट बदलला, का बदलला, करडी रेघ कुठे आहे आणि ती का आहे. उद्या कुणाला माझ्यापेक्षा चांगली युक्ती सुचली तर त्याला मुळापासून सुरुवात करता आली पाहिजे. हे सगळं तीन ठिकाणी : गुरुजींच्या घरी पेनड्राइव्हवर, शाळेच्या संगणकावर आणि माझ्याकडे. पेनड्राइव्ह पूररेषेच्या वर राहणाऱ्या तुमच्या लेकीच्या घरी ठेवा, असं मी गुरुजींना सुचवलं. त्यांनी लगेच मान हलवली.

गुरुजी आले तेव्हा

मोठ्या स्क्रीनवर फोटो लावून ठेवला होता. गुरुजींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. पहिलं बोट मास्तरांवर ठेवलं आणि हात जोडले. मग पाटी वाचली, मोठ्याने, शाळेत वाचतात तशी.

"फायनलचं वरीस," ते म्हणाले. सातवीच्या परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत.

मग बोट ओळीवरून हळूहळू चाललं. पुढच्या ओळीत ते नव्हते. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथा मुलगा, टोपी थोडी तिरकी, एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. बोट तिथे थांबलं. शेजाऱ्यावर सरकलं, परत आलं.

"हा मी. आणि ह्यो माझ्या बाकावरचा. ह्याचं घर पार नदीला लागून हुतं."

नातवाने रेघेबद्दल विचारलं. मागच्या ओळीतल्या टोप्यांमधली ती करडी रेघ मी मोठी करून दाखवली, इथे काय गेलं तेही सांगितलं. गुरुजींनी निरखून बघितली. "टोप्याच की. टोप्या सगळ्यांच्या सारख्याच हुत्या. ऱ्हाऊ दे तशीच."

आठ बाय दहाचा एक प्रिंट काढून दिला, खाली चार बोटं पांढरी जागा सोडून. गुरुजींनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि तिथेच काउंटरवर ओळीने नावं लिहायला बसले. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा एक्केचाळीस मुलांपैकी सात नावं झाली होती. प्रिंट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला. उरलेल्या चौतिसांसाठी ते उद्या यमगर्णीला त्यांच्या वर्गातल्या आणखी एकाकडे जाणार होते.